मधोमधचा आवाज

लोकांना वाटतं, स्पीकरचं काम म्हणजे दोन वायरी जोडल्या की संपलं. मला कुणी विचारलं, 'दीक्षित, आयुष्यभर काय केलंत हो?' तर मीही 'दोन वायरी जोडल्या' असंच सांगतो. खोटं नाही ते. फक्त एकदा त्या दोन वायरी उलट्या जोडल्या गेल्या, आणि त्यातून जे झालं ते मी आजवर माझ्या बायकोलाही सांगितलेलं नाही. संपादकांचं पत्र आलं की 'तुमच्या धंद्यातले गमतीदार अनुभव लिहा.' गमतीदार!

आमच्या घरात पिढ्यान्पिढ्या गोदाकाठी यात्रेकरूंचे विधी करायचं काम. वडिलांची इच्छा होती की मीही तेच करावं. मी मात्र मेन रोडमागच्या बोळात आठ बाय दहाचा गाळा घेऊन रेडिओ उघडत बसलो. "दीक्षितांचं पोर आणि मिस्तरी!" म्हणून वडील चार वर्षं माझ्याशी धड बोलले नाहीत. पुढे त्यांचाच ट्रान्झिस्टर बिघडला तेव्हा बोलले.

सत्तरच्या दशकात माझं काम म्हणजे रेडिओ, भोंगे आणि लग्नातले ॲम्प्लिफायर. मग कॅसेटचा जमाना आला आणि नाशकात ज्याला त्याला घरात गाणी भरायची हौस सुटली. भजनी मंडळं, शाहीर, लग्नाची गाणी म्हणणाऱ्या बायका, सगळेच. कुणी माइकचे आवाज एकत्र करणारा मिक्सर आणायचं, कुणी दुबईहून आलेल्या मेव्हण्याकडून टेप भरायचा डेक मिळवायचं, आणि मग माझ्याकडे यायचं, "मिस्तरी, ऐकायला स्पीकर लावून द्या."

आता हे ऐकायचे स्पीकर म्हणजे काय, ते सांगतो. लग्नात वाजणारे स्पीकर खुशमस्करे असतात. वाईट गाणंही धडाधड गोड करून सोडतात. गाणं भरताना तसला स्पीकर कामाचा नाही. तिथे खरं बोलणारा हवा. घसा खरखरला तर खरखरला, बाजाची पेटी बेसूर तर बेसूर. त्यांना मॉनिटर म्हणतात. दोन पेट्या असतात, एक डावी, एक उजवी. त्या भिंतीला चिकटवायच्या नाहीत, कोपऱ्यात तर मुळीच नाही, कारण कोपऱ्यात खर्ज फुगतो. उंची बसलेल्या माणसाच्या कानाएवढी. आणि दोन पेट्यांमध्ये जेवढं अंतर, तेवढंच अंतर प्रत्येक पेटीपासून ऐकणाऱ्यापर्यंत. मी सुतळीचे तीन सारखे तुकडे खिशात बाळगायचो आणि त्यांनी मोजायचो. सगळं नीट बसलं की एक चमत्कार होतो. गाणाऱ्याचा आवाज दोन पेट्यांतून येत नाही, दोघींच्या मधोमध, जिथे काहीच नाही, तिथून येतो. पहिल्यांदा ऐकणारा माणूस उठून तिथे हात फिरवून बघतो. मी बघितलेत असे.

गिऱ्हाइकं मात्र एकेक नग. नामपूरच्या एका कांदा व्यापाऱ्याने दोन्ही पेट्या खिडकीत रस्त्याकडे तोंड करून ठेवल्या होत्या. मी म्हटलं, "शेठ, हे तुम्हाला ऐकायला आहेत." तर म्हणे, "मी ऐकीसन काय करू? गावले कसं समजी मंग?" दिंडोरीच्या एका बागाईतदाराने एका पेटीवर दुसरी पेटी रचून दोन्ही लोखंडी कपाटावर चढवल्या होत्या. का, तर जागा वाचते. मी दिवसभर बसून सगळं मांडून दिलं, आणि आठ दिवसांनी गेलो तर पुन्हा कपाटावर, वर प्लास्टिकची फुलं! मी तेव्हा फार तिरसट होतो. तोंडावर बोलायचो. अपमान झाला तर होऊ दे, पण काम चोख, असा माझा खाक्या. आणि नेमका ज्या घरी तो खाक्या चालवायला हवा होता, तिथे मी सभ्यपणा केला.

साळवे बाई म्हणजे नगरपालिकेच्या शाळेतल्या शिक्षिका. नाशिकरोडच्या बाजूला त्यांची वसाहत होती. जयंती असो, लग्न असो, बाई गायला उभ्या राहिल्या की माणसं जेवणाचं ताट बाजूला ठेवून ऐकायची. त्यांचे यजमान, सगळे त्यांना साळवे भाऊ म्हणायचे, सरकारी छापखान्यात कामाला. गाणी भाऊ लिहायचे, बाई गायच्या.

एक दिवस भाऊ गाळ्यावर आले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "मिस्तरी, बाईंच्या गळ्यात गाठ निघालीय. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलंय, स्वरयंत्र काढायचं. जीव वाचेल, आवाज नाही."

मी हातातला पाना खाली ठेवला.

"पाच आठवड्यांनी तारीख आहे," भाऊ म्हणाले. "त्याच्या आत तिची चौदा गाणी टेपवर घ्यायचीत. स्टुडिओत न्यायची तिची ताकद नाही. घरीच करायचं. चांगलं, एकदम चांगलं करायचं. परत गाता येणार नाही तिला."

मी हो म्हणालो, आणि जीव ओतला हो त्या कामात. मिक्सर स्वतः बांधला. आतली खोली रिकामी करून भिंतींना गोधड्या टांगल्या. पेट्या सागवानाच्या केल्या. त्यातल्या एका स्पीकरचा कागदी पडदा फाटलेला होता, तो बदलून आणला. सगळं तयार करून पेट्या त्यांच्या घरी पोचवल्या आणि दुसऱ्या दिवशी जोडायला गेलो, तर बघतो काय, दोन्ही पेट्यांना निळ्या वायलची कव्हरं! चारही बाजूंनी टाचलेली, पुढे बारीक भरतकाम. तेव्हा घराघरांत असंच होतं. रेडिओला कव्हर, टीव्हीला कव्हर, स्वयंपाकघरातल्या मिक्सरलासुद्धा कव्हर. वस्तूला मान देण्याची रीतच ती.

बाई दारात उभ्या होत्या. आवाज तेव्हाच थोडा बसला होता. "रात्रभर जागून केलीत, मिस्तरी. चांगली दिसतात ना?"

आता धंद्यातली गोष्ट ऐका. प्रत्येक स्पीकरला दोन टोकं असतात. एकावर लाल ठिपका असतो, ते अधिक. दोन्ही पेट्यांची टोकं सारखी जोडावी लागतात, म्हणजे दोन्ही पडदे एकाच वेळी पुढे आणि एकाच वेळी मागे जातात. एक उलटा जोडला तर एक पुढे जाताना दुसरा मागे जातो. मी कधीही ठिपक्यावर विश्वास ठेवायचो नाही. बॅटरीतला साधा सेल टोकांना लावायचा आणि डोळ्याने पडदा बघायचा. पुढे उडी मारली तर बरोबर. पाच सेकंदांचं काम.

पण पडदा बघायचा तर कव्हर उसवावं लागणार. बाईंनी आजारी अंगाने रात्रभर जागून टाचलेलं. माझ्या तोंडून निघेना. "छान दिसतात," म्हटलं आणि ठिपके बघून वायरी जोडल्या. ज्याने पडदा बदलून दिला त्याने त्या स्पीकरवर लाल ठिपका नवा रंगवला होता, आणि तो चुकीच्या टोकावर. हे मला त्या दिवशी कळायला हवं होतं.

बाई समोर बसल्या, दोन ओळी गायल्या, मी डेकमधून पेट्यांवर आवाज सोडला. आवाज मधोमध येईना! पातळ, भुरभुरीत, डोक्याच्या मागून कुठूनतरी आल्यासारखा. मी ओळखलं की काहीतरी उलटं आहे. एवढं ओळखलं, पण अति शहाणा त्याचा बैल रिकामा! मला वाटलं, पेट्या तर बरोबर आहेत, चूक माझ्या मिक्सरमध्ये असणार. मिक्सर उघडला, उजव्या बाजूच्या छोट्या ट्रान्सफॉर्मरच्या दोन तारा उलटसुलट केल्या, बाईंच्या दोन ओळी पुन्हा भरून आवाज सोडला. आणि आला! बाईंचा आवाज दोन पेट्यांच्या बरोब्बर मधोमध येऊन उभा राहिला. भाऊंच्या डोळ्यांत पाणी आलं. मी मनात स्वतःची पाठ थोपटली.

काय केलं मी? एका चुकीवर दुसरी चूक चढवली. त्या खोलीत दोन्ही मिळून बरोबर वाटत होतं. पण टेपवर जे चाललं होतं त्यात उजवी बाजू उलटी होती.

तीन रविवार आम्ही गाणी भरली. बाजाची पेटी डावीकडे, वसाहतीतल्याच किसनची ढोलकी उजवीकडे, बाई मधोमध. दोन ओळी गायल्या की बाई पाणी प्यायच्या, गळ्यावर हात ठेवून बसायच्या, मग पुढच्या दोन. शेवटच्या रविवारी चौदावं गाणं संपलं आणि त्या म्हणाल्या, "झालं. आता काढा काय काढायचं ते." कुणालाच हसता आलं नाही.

मुंबईला ऑपरेशन झालं. महिन्याभराने बाई परत आल्या. गळ्याला रुमाल बांधलेला, हातात शाळेतली पाटी. काही सांगायचं तर पाटीवर लिहायच्या. आणि त्यानंतर लगेच चौदा एप्रिलची जयंती आली.

वसाहतीने ठरवलं की या वर्षी बाईंची कॅसेट भोंग्यावर लावायची. मैदान भरलं होतं. मला व्यासपीठावर बोलावलं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासारख्या मिस्तरीला शाल मिळाली! जयंती समितीचे अध्यक्ष म्हणाले, "बाईंचा आवाज यांनी जपून ठेवला." टाळ्या पडल्या. मी शाल सावरत खुर्चीवर बसलो. समोर पहिल्या रांगेत बाई. भाऊ कॅसेट घेऊन निघाले तेव्हा बाईंनी हाताने 'नको, नको' अशी खूण केली. भाऊ हसले. "लाजतेय," म्हणाले.

कॅसेट सुरू झाली. पेटी वाजली. ढोलकी आली. मुखड्याची जागा आली, आणि आवाज आलाच नाही.

पेटी चालली आहे, ढोलकी चालली आहे, आणि मध्ये जिथे बाई गायला हव्यात तिथे काहीच नाही. नीट कान दिला तर विहिरीच्या तळातून कुणी गुणगुणावं तसं काहीतरी. एवढं मैदान, पण एक माणूस हलेना. मागून एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, "अगं माय! टेपवरचा बी कापला का काय?"

"ओ आजी, असलं काही बोलू नका," अध्यक्ष ओरडले. "मिस्तरी! बघा ना काय झालं ते!"

भाऊ भोंग्याच्या ॲम्प्लिफायरपाशी उभे होते, तोंड पांढरंफटक. "पुसली गेली हो," एवढंच म्हणत होते. "मिस्तरी, पुसली गेली. आता कुठून आणू?"

मी शालीसकट धावलो. धावता धावताच डोक्यात लख्ख उजेड पडला, आणि तो क्षण वैऱ्यावरही येऊ नये असं म्हणतो. टेपवर डावी आणि उजवी अशा दोन बाजू असतात. भोंग्याच्या ॲम्प्लिफायरला तोंड एकच. तिथे दोन्ही बाजू एकत्र होतात. एका दाराला एकाने आतून आणि एकाने बाहेरून सारख्याच जोराने ढकललं तर दार हलत नाही. बाईंचा आवाज दोन्ही बाजूंना सारखा होता, आणि एक बाजू उलटी. दोघांनी मिळून एकमेकांना खाऊन टाकलं होतं. पेटी फक्त डावीकडे, ढोलकी फक्त उजवीकडे, म्हणून ती दोन्ही वाचली. बाई तेवढ्या गेल्या.

मी उजव्या बाजूची वायर खेचून काढली.

आणि भोंग्यातून बाईंचा आवाज फुटला! खणखणीत, अख्ख्या मैदानावर. ढोलकी गेली, पण ढोलकीचं कुणाला काय पडलं होतं? बायका रडायला लागल्या. भाऊ मटकन खाली बसले. अध्यक्षांनी मला मिठी मारली आणि माइकवर ओरडले, "मिस्तरींनी आवाज परत आणला!" पुन्हा टाळ्या. तीच शाल, पण आता दुप्पट टाळ्या.

मी सांगायला हवं होतं. त्याच माइकवर म्हणायला हवं होतं की लोकहो, परत आणला नाही, मीच घालवला होता. पण झाकली मूठ सव्वा लाखाची. मी नमस्कार केला आणि खाली उतरलो. आयुष्यभर लोकांच्या तोंडावर खरं बोलणारा मी, त्या दिवशी शाल घेऊन घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या घरी गेलो. भाऊंना म्हटलं, थोडी दुरुस्ती आहे. कव्हरं उसवली, सेल लावून पडदे पाहिले, उजवा उलटा निघाला. तो सरळ केला. मग टेपची उजवी बाजू सुलटी करून नवी प्रत काढायला लावली. भाऊ पेढे आणायला बाहेर पडले. बाई समोर खुर्चीवर बसल्या होत्या, पाटी मांडीवर.

भाऊंसमोर धीर झाला नव्हता, पण बाईंसमोर मला राहवेना. "बाई," मी म्हटलं, "कालची चूक माझी होती. टेप चांगली होती. मी उलटी भरली. तुमचा आवाज पहिल्या दिवसापासून टेपवर होता. एक क्षणही गेला नव्हता."

बाईंनी खडू उचलला. मग पाटीवर लिहिलं, "मला वाटलं, गेला."

"हो ना, काल सगळ्यांनाच वाटलं."

त्यांनी मान हलवली. पाटी पुसली. पुन्हा लिहिलं, "काल नाही. मुंबईला जायच्या आधी."

मला कळेना. बाई लिहीत गेल्या, पुसत गेल्या, पुन्हा लिहीत गेल्या. दवाखान्यात सोबत न्यायला म्हणून त्यांनी शेजारणीचा छोटा टेप मागून आणला होता, एका स्पीकरचा. भाऊ कामावर गेल्यावर आपलीच गाणी लावून बघितली. सगळ्या चौदा गाण्यांत पेटी आहे, ढोलकी आहे, आपण नाही. बॅग भरलेली होती. दुसऱ्या दिवशीची गाडी होती.

"अहो, मग सांगितलं का नाही? मला बोलवायचं! दहा मिनिटांत कळलं असतं!"

बाईंनी लिहिलं, "यांना कळलं असतं तर परत गायला बसवलं असतं. तारीख पुढे गेली असती. डॉक्टर म्हणाले होते, आता एक आठवडाही थांबू नका."

पुसलं. खडू जोरात टेकवून पुढची ओळ लिहिली. खडू मोडला.

"गाण्यापायी मरू का?"

मी त्या अक्षरांकडे बघत राहिलो. शाळामास्तरणीचं गोल, सुबक अक्षर. माझ्यामुळे ही बाई आपला आवाज जगातून पुरता पुसला गेला असं समजून, नवऱ्याला एक अक्षर न कळू देता, एकटी गाडीत बसली होती, आणि ऑपरेशनच्या टेबलावर जाऊन झोपली होती. महिनाभर दवाखान्यात तेच उराशी घेऊन पडली होती. आणि मी मैदानात टाळ्या घेत होतो.

जिना वाजला. भाऊ आले. बाईंनी घाईघाईने पदराने पाटी पुसली आणि माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं. भाऊंनी पेढ्यांचा पुडा उघडला. मी नवी प्रत लावली. बाईंचा आवाज आला, दोन पेट्यांच्या बरोब्बर मधोमध, ढोलकीसकट. भाऊ बाईंच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "ऐक. मिस्तरींनी वाचवलं बघ तुला."

बाईंनी मान डोलावली, पुड्यातला एक पेढा उचलला आणि माझ्या हातावर ठेवला. तो मी खाल्ला. भाऊ बघत होते, न खाऊन करतो काय?